पथ्यातलं पपनस

तिसऱ्या दिवशीही बाबांचा डबा भरलेलाच परत आला, तेव्हा मी घाबरले.

मी पथ्याचे डबे करते. डोंबिवली पूर्वेला, घरातूनच. आधी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चौदा वर्षं होते. कंपनी गुजरातला गेली आणि मी घरी आले. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना महिनाभर बिनतिखटाचं करून दिलं. मग त्यांच्या ओळखीतून एक, त्या ओळखीतून दुसरा, असं करत अकरा डबे झाले. कुणाला मीठ कमी, कुणाला तेल नको, कुणाला गहू नको. प्रत्येकाचा कागद मी फ्रिजच्या दाराला लावून ठेवते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. डॉक्टर सांगतात ते घरच्यांना जमत नाही, मला जमतं, असं मला वाटायचं.

बाबा म्हणजे कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावातले आगरी म्हातारे. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी भातशेती केलेली, मिठागरात राबलेले. आता शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि त्यांचं स्वतःचं तीन मजली घर त्या टॉवरांच्या मधोमध. पावसाळ्यात त्यांना जुलाब लागले ते दोन महिने थांबले नाहीत. दवाखान्यात राहून आले, जुलाब थांबले, पण आतडी नाजूक झाली. डाएटिशियनने दोन पानी कागद दिला. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, दूध नाही, कडधान्यं नाहीत, सफरचंद नाही, आंबा नाही. त्यांची सून तो कागद घेऊन माझ्याकडे आली. ती रोज सकाळी मुलीला क्लासला सोडून स्कूटीवरून परत जायची, तेव्हा डबा उचलायची.

"ताई, मी करायला गेले तर ते ताट सरकवतात," ती म्हणाली. "मासळी उकडून चालेल असं लिहिलंय म्हणून बिनमसाल्याचं पापलेट दिलं. तर म्हणाले, ही मासली आजारी हाय, हिलाच डॉक्टरकडं न्या."

आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, मी मासळी खात नाही आणि करतही नाही, पण बाकीचं माझ्यावर सोडा.

मऊ भात, दुधीची भाजी, नाचणीची भाकरी, गाजराचं सूप, जिऱ्याची फोडणी. पहिल्या आठवड्यात अर्धं खाल्लं. दुसऱ्या आठवड्यात दोन घास. मग डबा जसा गेला तसाच परत. सून म्हणाली, "महिन्यात सहा किलो उतरलेत. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर नळीने द्यावं लागेल."

त्या दिवशी मी तिच्या स्कूटीवर मागे बसून त्यांच्या घरी गेले. बाबा ओटीवर खुर्चीत बसलेले. बनियनच्या बाहेर गळ्याची हाडं दिसत होती. मी समोर बसले, म्हटलं, "बाबा, माझ्या हाताला चव नाही का? सांगा ना काय पाहिजे."

"तुझे हाताचा काय नाय गो," ते म्हणाले. "माझे तोंडालाच चव नाय. सगला माती लागतंय. मना आंबट पायजे. आंबट काय नाय तुझे कागदान?"

मी कागद पुन्हा वाचला. चिंच नाही. कैरी नाही. लिंबू चाललं असतं, पण लिंबाच्या पाण्याला ते औषध म्हणत होते. फळांच्या रांगेत शेवटी लिहिलेलं होतं: ग्रेपफ्रूट, अर्धं.

"हे काय असतं?" सुनेने विचारलं. मला नाव माहीत होतं, खाल्लं कधीच नव्हतं. त्याच रविवारी ठाण्यात माजिवड्याला नणंदेकडे गेलेले. तिथे तिच्या घरासमोर फळांचं मोठं एसी दुकान आहे, त्यात मिळालं. मोसंबीपेक्षा मोठं, आतून गुलाबी. घरी आणून मी आधी स्वतः खाऊन पाहिलं. आंबट, आणि मागून एक कडवटपणा जिभेवर राहतो. मला काही खास वाटलं नाही. पण सोमवारी त्याच्या फोडी सोलून, पांढरी साल सगळी काढून, वर चिमूटभर मीठ घालून डब्यात दिल्या.

सुनेचा फोन आला तो ओरडतच. "ताई, खाल्लं! सगळं खाल्लं! आणि मागून भात पण खाल्ला!"

मंगळवारी मी पुन्हा गेले. बाबा माझी वाटच बघत होते. म्हणाले, "ता पपनस होता ना?"

"नाही बाबा, ग्रेपफ्रूट. पण पपनसासारखंच."

"मंग मागं झाड हाय ना माझा," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठलेच.

घराच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, खरंच पपनसाचं झाड होतं. फळांनी वाकलेलं, काही तर जमिनीला टेकलेली. त्यांच्या वडलांनी लावलेलं. सुनेने विचारलं, "ताई, हे चालेल? कागदावर नाहीये म्हणून आम्ही देत नव्हतो."

तेव्हा मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हटलं, "एकाच कुळातलं फळ आहे. ते चालतं तर हे चालायलाच पाहिजे. द्या बिनधास्त."

मी डॉक्टरला विचारलं नाही. डाएटिशियनला फोन केला नाही. चौदा वर्षं कॅन्टीन, सहा वर्षं पथ्याचे डबे, मला कोण काय सांगणार?

त्यानंतरचे वीस दिवस फार छान गेले. डबा घासून ठेवल्यासारखा परत यायचा. बाबा सकाळी पपनसाच्या तीन-चार फोडी मीठ लावून खायचे, मग त्यांना भूक लागायची. वजन दीड किलो वाढलं. सून माझ्यासाठी घरच्या तांदळाची पिशवी घेऊन आली. मी बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागले की बघा, नळीने द्यायची वेळ आलेली, मी जेवायला लावलं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी सकाळी साडेदहाला फोन आला. "ताई, बाबा बाथरूममध्ये पडले. शुद्ध गेलेली. आम्ही कल्याणला अ‍ॅडमिट केलंय. बीपी एकदम खाली गेलंय."

मी गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. पडले म्हणजे किती लागलं, हा पहिला विचार. आणि दुसरा, जो यायला नको होता पण आला, तो असा की माझ्या डब्यातलं काही बाधलं तर नसेल?

संध्याकाळी त्यांच्या मोठ्या मुलाचा फोन. त्याच्याशी मी आधी कधी बोलले नव्हते. आवाज कोरडा होता. "मॅडम, डॉक्टरांनी विचारलंय गेल्या पंधरा दिवसांत काय काय खाल्लं. तुमच्या डब्यात काय काय होतं ते सगळं लिहून पाठवा. सगळं."

मी लिहायला बसले. पंधरा दिवसांचं दोन्ही वेळचं जेवण, मीठ किती, तेल कोणतं. ग्रेपफ्रूट डब्यात एकदाच गेलेलं, तेही पंधरा दिवसांच्या आधी. पपनस माझ्या डब्यात कधीच नव्हतं. ते त्यांच्या झाडाचं, त्यांच्या घरात कापलेलं. पेन हातात धरून मी थोडा वेळ थांबले होते, हे मला आठवतं. मग कागदाचा फोटो काढून पाठवून दिला. पपनस त्यात नव्हतं. विचारलेलं ते डब्याबद्दल, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मिस्टरांच्या शुगरच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तिथे एक मुलगी बसते, शिकलेली, समजावून सांगते. पैसे देता देता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, आंबट फळाने बीपी खाली जातं का गं?"

"कोणतं फळ?"

"ग्रेपफ्रूट. किंवा पपनस समज."

तिने बिलावरून मान वर केली. "पेशंटला गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"ते मला माहीत नाही."

"मग आधी विचारा काकू. बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांच्याबरोबर ग्रेपफ्रूट अजिबात चालत नाही. पपनसाचंही तेच. गोळी जेवढी अंगात जायला पाहिजे त्याच्यापेक्षा जास्त जाते. एकच गोळी घेतली तरी दोन-तीन घेतल्यासारखं होतं."

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून सुनेला फोन लावला. म्हटलं, माझ्या वहीत लिहून ठेवायला बाबांच्या गोळ्यांचे फोटो हवेत. तिने लगेच पाठवले, बिचारीने कशाला म्हणून विचारलंही नाही. मी मोबाईल त्या मुलीसमोर धरला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ही," ती म्हणाली. "ही तीच आहे. आणि ही कोलेस्टेरॉलची, हिच्याबरोबर पण नको. कोण आहेत हे?"

"ओळखीचे," मी म्हटलं.

घरी आल्या आल्या मिस्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सांगून टाक." मी म्हटलं, सांगते. आणि मग बाकीचे दहा डबे भरायला घेतले. डबे भरताना डोक्यात एकच चाललेलं. तो मोठा मुलगा काय म्हणेल. गावभर होईल. या अकरातले चार डबे त्यांच्याच नात्यागोत्यातले होते. लोक म्हणतील, हिच्या सांगण्यावरून म्हातारा मरता मरता वाचला.

दुपारी दवाखान्यात गेले. बाबा पलंगावर टेकून बसलेले, चेहऱ्यावर रंग आलेला. बीपी वर आलेलं. डॉक्टर म्हणालेले की जुलाबांनंतरचा अशक्तपणा आहे, त्यात पाणी कमी प्यायले असतील, म्हणून झालं असेल, उद्या घरी सोडू. सून बिलाच्या काउंटरला गेलेली. खोलीत आम्ही दोघंच.

मी खुर्ची जवळ ओढली. "बाबा, ऐका माझं. ते पपनस तुम्हाला चालत नाही. तुमच्या गोळीशी त्याचं वैर आहे. त्याच्यामुळेच चक्कर आली तुम्हाला."

"कोन बोलला?"

"मेडिकलवाली."

"डॉक्टर तर नाय बोलला."

"डॉक्टरला माहीतच नाही तुम्ही खाताय ते. मी सांगणार आहे आता."

त्यांनी माझा हात मनगटाशी धरला. त्या वयात, त्या अशक्तपणात इतकी पकड असेल असं वाटलं नव्हतं. "नको सांगू गो बाय. पोरं झाड तोरून टाकतील. मोठ्याला ती जागा गाडीला पायजेच हाय. मी नाय खात. तुझी शपथ, नाय खात."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. पाणी आलेलं. आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय. मला सुटल्यासारखं वाटलं. ते खाणार नाहीत, म्हणजे धोका नाही. धोका नाही, म्हणजे कुणाला सांगायची गरज नाही. झाडही वाचेल आणि मीही वाचेन.

"नक्की नाही ना खाणार?" मी विचारलं.

"नाय."

तेवढ्यात सून आली. "काय गप्पा चालल्यात?" तिने हसत विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, उद्यापासून पेज देते म्हटलं दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. मी डबा दिला. त्या दिवशी डबा निम्मा परत आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी थोडा कमी. तिसऱ्या दिवशी पूर्ण रिकामा. सुनेने कौतुकाने सांगितलं, "भूक आली परत, ताई." भूक कशाने येते ते मला माहीत होतं.

मी विचारलं, "पपनस खातात का गं?"

"आम्ही नाही देत सध्या, अशक्तपणा आहे म्हणून. पण सकाळी झाडाकडे बसतात तासभर. तेवढीच मोकळी हवा."

मला तेव्हा बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेले. ती स्कूटी चालू करत होती, त्या दिवशी पोरीला सोडायच्या आधीच आलेली, पोरगी मागे बसलेली आणि तिच्या क्लासला उशीर होत होता. मी मनात म्हटलं, संध्याकाळी फोन करते, नीट बसून सांगते.

संध्याकाळ व्हायच्या आत ते पुन्हा पडले. मागच्या दारी, टाकीच्या कठड्यावर कपाळ आपटलं. शेजारच्या बाईने पाहिलं. शर्टाच्या खिशात मिठाची पुडी होती आणि बाजूला अर्धं सोललेलं पपनस.

मला फोन आला तेव्हा मी मिस्टरांना म्हटलं, रिक्षा बघा. पत्रीपुलावर नेहमीसारखं अडकलो. मिस्टर एवढंच म्हणाले, "आता तरी." मी मान हलवली.

कॅज्युअल्टीच्या बाहेर सगळं घर उभं होतं. दोन्ही मुलगे, सून, शेजारी. आत टाके घालणं चाललेलं. मी मोठ्या मुलासमोर जाऊन उभी राहिले.

"मला डॉक्टरांना भेटायचंय," मी म्हटलं. "बाबा का पडतात ते मला माहीत आहे. चार दिवसांपासून माहीत आहे."

त्याला आधी समजलंच नाही. मी सगळं सांगितलं. ग्रेपफ्रूट, मग मीच पपनसाला दिलेली परवानगी, मेडिकलवाली, गोळीचा फोटो, बाबांनी घेतलेली शपथ. सून माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"चार दिवस?" ती म्हणाली. "माझ्याकडून फोटो मागवलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं."

"आणि आज सकाळी? आज सकाळी मी तुमच्या दारात उभी होते, ताई."

"संध्याकाळी फोन करणार होते," मी म्हटलं.

मोठा मुलगा ओरडला. काय काय बोलला ते इथे लिहीत नाही, त्याच्या जागी मी असते तर तेच बोलले असते. धाकट्याने त्याला बाजूला नेलं आणि मला आत डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्यांच्या पाकिटांवर नजर टाकली आणि दोन सेकंद डोळे मिटले.

"ह्यांना पहिल्यांदा आणलं तेव्हाच कळलं असतं तर," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही. मी जेवण विचारलं, फळं वेगळी विचारायला पाहिजे होती." मग त्यांनी समजावलं. एकदा खाल्लेल्याचा परिणाम दोन-तीन दिवस राहतो, त्यामुळे गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी असं करूनही उपयोग नसतो. डाएटिशियनने पोटाचा विचार करून कागद दिलेला, तो पोटापुरता बरोबर होता. गोळ्यांचा कागद दुसऱ्या डॉक्टरचा. दोन कागद कुणी शेजारी ठेवून वाचलेच नव्हते. "बीपीची गोळी बदलतो," ते म्हणाले. "पण कोलेस्टेरॉलची आहेच. पपनस बंद. ग्रेपफ्रूट पण."

कपाळाला सात टाके पडले. डोक्याच्या स्कॅनचा रिपोर्ट यायला दोन तास लागले. ते दोन तास मी बाहेरच्या बाकड्यावर बसून काढले. कुणी जा म्हटलं नाही, कुणी थांबा म्हटलं नाही. रिपोर्ट चांगला आला. धाकट्याने येऊन तेवढं सांगितलं आणि आत गेला.

डबा बंद झाला. तो होणारच होता. त्या नात्यातले आणखी दोन डबे गेले. बाकीच्यांना मी स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं. वाटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. एका बाईंनी त्या दिवसापासून डबा सोडला. बाकीचे राहिले. त्यांच्या सगळ्यांच्या गोळ्यांची यादी मी मागवून घेतली आणि मेडिकलवाल्या मुलीपुढे नेऊन ठेवली. तिने तासभर दुकान सांभाळत सांभाळत एकेक तपासली. दोघांच्या कागदात तिने मला काही गोष्टी दाखवल्या, त्या मी त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावल्या.

दिवाळी झाल्यावर सुनेचा फोन आला. मी तिचं नाव बघून उभीच राहिले.

"ते जेवत नाहीयेत," ती म्हणाली. आवाजात अजून अंतर होतं. "मी करते ते नको म्हणतात, तुमच्याकडचं मागवायचं नाही असं ह्यांच्या दादांनी सांगितलंय. पण मला त्यांना नळीवर नाही टाकायचं. तुम्ही डबा द्याल?"

"देईन."

"पण ताई, काहीही बदल करायचा असला तर आधी मला. मी डॉक्टरांना विचारणार, मग तुम्ही करणार."

"हो."

"आणि काही कळलं तर त्याच मिनिटाला."

"हो," मी म्हटलं. पुढे माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "राहू दे. उद्या नऊला येते."

आंबटाचा प्रश्न तसाच होता. तिने डॉक्टरांना विचारून लिंबू पक्कं केलं. मी लिंबाचं औषध होऊ दिलं नाही. भाताला वाफ असतानाच त्यावर लिंबाचा रस, कोथिंबीर, थोडं जिरं, आणि ते गरम असतानाच डब्यात. कधी उकडलेल्या बटाट्याला लिंबू-मीठ. बाबांना ते पपनसासारखं वाटलं नाही, पण त्यांनी खाल्लं. थोडं थोडं करत फेब्रुवारीपर्यंत चार किलो भरले. मग डाएटिशियनने एकेक पदार्थ सुरू करायला सांगितले आणि एक दिवस सून म्हणाली, "ताई, उद्यापासून घरचंच."

त्या चार महिन्यांत बाबा माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मी दोनदा गेलेले, दोन्ही वेळा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. झाड मोठ्याने तोडलं, दिवाळीच्या आधीच. त्या जागी आता गाडी उभी असते.

मागच्या वर्षी त्यांच्या नातीच्या, मोठ्याच्या मुलीच्या, हळदीला सुनेने मला बोलावलं. जाऊ की नको करत गेले. मांडवात बाबा पहिल्या रांगेत बसलेले, नवा पांढरा शर्ट, तब्येत चांगली. मी पाया पडले. त्यांनी मला ओळखलं. मग म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव. कोलंबी हाय, बारकी. तू खात नाय ना? मंग वरन-भात हाय तुझे साठी. बस." आणि शेजारची खुर्ची हाताने पुढे केली.

मी बसले. हळदीची गाणी चालू झाली तशी त्यांनी मान त्या बाजूला वळवली, आणि मला त्यांच्या कपाळावरची ती खूण जवळून दिसली. भुवईच्या वर, बोटभर लांब, बाकीच्या कातडीपेक्षा थोडी उजळ.